रक्त कधी घ्यायचं आणि कुठून: किड्यांमुळे पसरणाऱ्या परजीवी आजारांची तपासणी

ताप येतो-जातो, रक्त तपासलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरचे निर्धास्त होतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटते. मलेरिया, हत्तीरोग, काळा आजार, जनावरांतला सर्रा (रक्तातल्या परजीवीचा ताप), कुत्र्यांचा हार्टवर्म (हृदयातला जंत), यांत परजीवी अंगात असतो पण नेमका त्या वेळी घेतलेल्या त्या थेंबात नसतो. म्हणून टेस्ट कुठली करायची याच्या आधी, चावणारा किडा कुठला आणि तो कधी चावतो ते बघा.

पसरायच्या रीती दोन. एकात परजीवी किड्याच्या पोटात वाढतो. मलेरियाचा परजीवी अ‍ॅनोफिलिस मादीत साधारण 10 ते 14 दिवस वाढतो, हवा गरम असेल तर लवकर, आणि मग ती चावली की माणसाला लागण होते (रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हाच परजीवी बघितला होता). पुढे माणसाला ताप यायलाही निदान आठवडा जातो, त्यामुळे कुणी परवाच एखाद्या गावी पोचला आणि आज तापाने फणफणला तर लागण त्या गावातली नाही, त्याआधी कुठे होता ते विचारा. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया असेल तर महिन्यांपूर्वीचा प्रवाससुद्धा विचारायचा, कारण तो लिव्हरमध्ये दडून बसतो आणि नंतर परत उठतो.

दुसरी रीत सरळ आहे. घोडमाशी आजारी जनावराचं रक्त पिताना हुसकली गेली की उठून शेजारच्या जनावरावर बसते आणि तोंडाला लागलेलं ओलं रक्त त्याला देते. सर्रा असाच पसरतो. म्हणून सर्र्याचा संशय आला की रिपोर्टची वाट न बघता आधी ते जनावर बाकीच्यांपासून लांब बांधा.

आता मलेरियाचं रक्त. थंडी वाजेल, ताप चढेल तेव्हाच घेऊ असं म्हणत थांबू नका, संशय आला की लगेच घ्या, आणि शक्यतो मलेरियाची गोळी पोटात जायच्या आधी घ्या. स्लाइडवर जाड थेंब आणि पातळ थेंब दोन्ही हवेत: जाड थेंबात जास्त रक्त बघितलं जातं म्हणून थोडेच परजीवी असले तरी सापडतात, आणि पातळ थेंबात परजीवीची जात ओळखता येते. पहिली स्लाइड निगेटिव्ह आली तरी 12 ते 24 तासांच्या अंतराने अजून दोनदा बघतात, कारण फॅल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचे वाढलेले परजीवी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून राहतात आणि बोटाच्या रक्तात दिसतच नाहीत. रॅपिड किट सोयीचं आहे, पण फॅल्सिपेरमच्या किटमधली एचआरपी-टूची (परजीवीच्या एका प्रथिनाची) रेघ औषध पूर्ण झाल्यावरही काही आठवडे उमटत राहते, त्यामुळे बरं झालं का हे त्या किटवर ठरवू नका, त्यासाठी स्लाइडच बघा. पेशंट गुंगीत असेल, झटके येत असतील, डोळे पिवळे दिसत असतील किंवा धाप लागली असेल तर आधी दवाखाना गाठा, तपासणी तिथेच होईल.

हत्तीरोगात वेळच सगळं ठरवते. याचा डास, क्युलेक्स, रात्री चावतो, आणि रोगाच्या सूक्ष्म अळ्यासुद्धा रात्रीच वरच्या रक्तात येतात, दिवसा त्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत जाऊन बसतात. म्हणून स्लाइड रात्री 10 ते 2 च्या दरम्यान घेतात. सकाळच्या ओपीडीत घेतलेल्या रक्तात अळ्या दिसल्या नाहीत तर त्या रिपोर्टवर आजार नाही असं म्हणता येत नाही. रात्री जमतच नसेल तर हत्तीरोगाच्या बँक्रॉफ्टी जातीसाठी अँटीजेन पट्टी (परजीवीचा स्वतःचा अंश ओळखणारी) आहे, ती कधीही चालते.

काळा आजार पसरवणारी वाळूमाशी 2-3 मिलिमीटरची, साध्या मच्छरदाणीच्या भोकातूनही आत येते. जिथे हा आजार आढळतो तिथे दोन आठवड्यांच्या वर ताप आणि प्लीहा वाढलेली असेल तर आरके-39 पट्टी करायची. पण ही टेस्ट अँटीबॉडी, म्हणजे शरीराने रोगाविरुद्ध बनवलेली प्रथिनं, बघते, म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या माणसात बरं झाल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह येते. अशा माणसाला परत ताप आला तर पट्टीवर विसंबू नका, बोन मॅरो किंवा प्लीहेचा नमुना लागतो, आणि तो जिथे सोय आहे अशा हॉस्पिटलमध्येच घ्यायचा.

जनावरांकडे या. सर्र्यात ताप चढलेला असतानाच रक्त घ्या, ताप उतरला की परजीवी इतके कमी होतात की सापडत नाहीत. ताजा थेंब काचेवर घेऊन लगेच मायक्रोस्कोपखाली बघितला तर ते वळवळताना दिसतात. घोडे आणि उंट यात फार खंगतात, गाई-म्हशी मात्र वरून ठीक दिसत असूनही परजीवी बाळगून असू शकतात, म्हणून फक्त आजारी दिसणारं जनावर तपासून भागत नाही. गोचीड आठ पायांचा, म्हणजे तसा कीटक नाही, पण लघवी लाल झालेल्या जनावरात गोचीडामुळे पसरणाऱ्या बबेसिया या परजीवीचा संशय घेऊन कानाच्या टोकाचं रक्त बघतात, तिथल्या बारीक वाहिन्यांत परजीवी जास्त मिळतात.

कुत्र्यांच्या हार्टवर्मची लागण डासांमुळेच होते, पण अंगात शिरलेल्या अळीचा मोठा जंत व्हायला साधारण 6 महिने लागतात, त्याआधी अँटीजेन टेस्ट केली तर निगेटिव्हच येणार. नवीन पाळलेल्या कुत्र्याची आज टेस्ट केली असेल तर 6-7 महिन्यांनी परत करा.

नमुना देताना चिठ्ठीवर एवढं लिहा: रक्त किती वाजता घेतलं, त्या वेळी ताप होता का, आधी कुठली औषधं दिली, आणि गेल्या काही महिन्यांत माणूस किंवा जनावर कुठे-कुठे होतं. स्लाइड बघणाऱ्याला हे माहीत असेल तर काय शोधायचं आणि किती वेळ शोधायचं हे तो त्यावरूनच ठरवतो.