खान्देशातल्या थंडीत स्विमिंग पूलचं कव्हर कसं सांभाळायचं

हिवाळ्यात पूल झाकण्याचे बहुतेक व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. पाणी गोठून पाईप फुटू नयेत म्हणून तिकडे पाण्याची पातळी स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाच्या) खाली उतरवतात. जळगाव-धुळ्याकडे पारा 8-10 अंशांवर आला तरी पूल काही गोठत नाही. इथे पातळी उतरवली की कव्हरचा आधार जातो, मधोमध झोळ पडतो आणि कडेच्या दोरी ओवायच्या रिंगा ताणून फाटतात. आपल्याकडे कव्हरची वाट लावतात ती दुपारचं ऊन, वारा, धूळ आणि अवकाळी. त्यामुळे पाणी काठापासून 10 ते 15 सेंटिमीटर खाली, एवढंच ठेवा.

झाकण्याआधी तळ आणि भिंती घासून घ्या, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) 7.2 ते 7.6 मध्ये आणा आणि संध्याकाळी शॉक डोस, म्हणजे एकदम जास्त क्लोरीन द्या. 65 टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर एक लाख लिटरला 150 ग्रॅमने क्लोरीन साधारण 1 पीपीएम (दहा लाखात एक भाग) वाढतं. 10 पीपीएमसाठी दीड किलो लागेल. बादलीत आधी पाणी, मग पावडर. टीसीसीएच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्या आणि ही पावडर एकत्र करायची नाही, एकच डबा किंवा मापही दोन्हीला वापरायचं नाही, भडका उडतो. क्लोरीन 3 पीपीएमच्या खाली आल्यावरच कव्हर टाका. घाई केली तर कोंडलेलं क्लोरीन कव्हर आतून कडक करतं आणि त्याला घडीवर चिरा जातात.

कव्हर चारही बाजूंनी दीड-दोन फूट जास्त हवं. म्हणजे 20 बाय 40 फुटांच्या पूलला 24 बाय 44 ची ताडपत्री. दोरी तंबूसारखी ताणू नका. दुपारी 30 अंश आणि पहाटे 9, अशा फरकात कव्हर आखडतं आणि सगळा ताण रिंगांवर येतो. रिंग आणि खिळ्याच्या मध्ये मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा बांधला की काम भागतं. कडेवर विटा ठेवण्याची सवय मात्र सोडा. विटेचा कोपरा कव्हर कापतो आणि वाऱ्याने वीट पूलमध्ये पडली तर टाइल फुटते. 63 मिलिमीटर पीव्हीसी पाईपचे दीड मीटरचे तुकडे घ्या, कोरडी वाळू भरून दोन्ही तोंडांना टोप्या चिकटवा. एक तुकडा सहा-सात किलोचा होतो, आणि पाईप तर शेतात पडलेलाच असतो.

खरी कसोटी अवकाळीची. 20 बाय 40 च्या पूलच्या कव्हरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी त्याचं वजन साधारण 740 किलो होतं. पाऊस थांबला की त्याच दिवशी उपसा करा. कूलरची छोटी मोटर जाळीच्या टोपलीत ठेवून खोलगट जागी सोडली की पुरे; लाइन ईएलसीबीवरूनच (वीज गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचवरूनच) घ्या आणि मोटर चालू असताना पाण्यात हात घालू नका. उपसताना एक गोष्ट लक्षात ठेवा: पाऊस नसताना खड्डा पुन्हा भरत असेल आणि पूलची पातळी उतरत असेल, तर कव्हरला भोक आहे. तुम्ही पूलचंच पाणी उपसताय.

भोक शोधायला कव्हर उन्हासमोर धरा, उजेड दिसेल तिथे मार्करने खूण करा. पीव्हीसी कव्हरला गोल कोपऱ्यांचं ठिगळ, भोकापेक्षा सगळीकडून 5 सेंटिमीटर मोठं. जागा स्पिरिटने पुसून, हलका सँडपेपर मारून पीव्हीसीचं सोल्युशन लावा आणि रात्रभर वजन ठेवा. हे काम दुपारी करा; सकाळच्या दवात सोल्युशन धरत नाही. एचडीपीई (जाड पॉलिथिन) ताडपत्रीला मात्र हे सोल्युशन चिकटतच नाही. शेततळ्याचा कागद गरम हवेच्या मशीनने जोडणाऱ्या कारागिराला बोलवा.

आठवड्यातून एकदा मऊ झाडूने कचरा काढा, लोखंडी दाताळं नको. पऱ्हाटी जाळतात त्या दिवसांत राख ओली होण्याआधीच झाडा. राख अल्कधर्मी असते, भोकातून आत गेली की पीएच चढतो. संक्रांतीला धुळे-नंदुरबारकडे मांजा हमखास येऊन पडतो. तो ओढू नका, कात्रीने तुकडे करून उचला. फिल्टर रोज दोन-तीन तास पुरतो, पण कव्हर आहे म्हणून क्लोरीन तपासणं सोडू नका; आपल्याकडे पाणी इतकं गार होत नाही की शेवाळ थांबेल.

ताडपत्री माणसाचं वजन पेलत नाही. पोरगं किंवा बकरी वर चढली तर कव्हरसकट गुंडाळून खाली जाते, म्हणून फाटकाला कुलूप हवंच.

फेब्रुवारीअखेर कव्हर काढा. सौम्य साबणाने धुऊन दोन्ही बाजू वाळवा, पण घडी करून उन्हात ठेवू नका. थरांमध्ये उष्णता कोंडते. बबल शीट (हवेचे फुगे असलेलं प्लास्टिकचं कव्हर) असेल तर तिचे फुगे असेच फुटतात. घडी सावलीत घाला आणि जमिनीपासून उंच, झाकणाच्या पिंपात ठेवा. गोदामातले उंदीर घडीच्या कडेवरच दात मारतात आणि उघडल्यावर एका ओळीत सात-आठ भोकं निघतात.