खात्यावर आलेले दीड हजार कुठे लावायचे

लाडक्या बहिणीचे महिन्याला 1,500 आणि पीएम किसानचे चार महिन्यांनी 2,000. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच पडतात. दोन खाती असली की बाई एका बँकेत चकरा मारते आणि रक्कम दुसरीकडेच साठते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघा, कोणती बँक जोडलीय ते कळेल. अंगठ्यावर पैसे काढले तर पावती घ्या आणि शिल्लक विचारा. रक्कम कमी हातात पडते ती इथंच.

आधी महागडं कर्ज. सावकाराचे 10,000 शेकडा पाचनं असतील तर महिन्याचं व्याजच 500. नुसतं व्याज देत राहिलात तर मुद्दल जागचं हलत नाही. पूर्ण 1,500 दिले की पहिल्या महिन्यात हजार मुद्दल उतरतं आणि नवव्या महिन्यात खातं बंद. दर वेळी वहीत व्याज वेगळं, मुद्दल वेगळं लिहून घ्या, नाहीतर सगळं व्याजातच जिरवलं जातं.

मग किराण्याची उधारी. रोखीनं तेल-साखर घेतलं की दुकानदाराशी भावाचं बोलता येतं.

जूनमध्ये सोयाबीनचं बियाणं उधार उचलू नका. घरचं असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. सत्तर उगवले तर पेरा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय मात्र तिफण काढू नका.

शेळी घ्यायची तर गाभण घ्या, कर्ज फिटल्यावर. आणि योजनेचा हप्ता चुकू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर मोबाईल हप्त्यानं घेऊ नका.