पाईप लाल होतोय म्हणून लगेच जेट बदलू नका : या चुका टाळा

मोटरसायकलचा सायलेन्सर बदलला, एअर फिल्टरचा डबा काढून टाकला, कार्ब्युरेटरच्या तोंडाला बाजारातला गोल फिल्टर चढवला की आठवड्याभरात फोन येतो : "काका, पाईप लाल होतोय, मोठा जेट टाकून द्या." जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्राचं तोंड. निदान घरीच झालेलं असतं, मी फक्त पाना फिरवायचा. अशा गाड्यांमध्ये खरोखर जेटचंच दुखणं असलेल्या कमीच असतात. बाकीच्यांना मोठा जेट टाकला तर पेट्रोल जास्त पितात आणि पाईप तसाच तापतो.

जो जाळ सिलिंडरमध्ये संपायला हवा तो बेंड पाईपमध्ये (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीत) जाऊन संपतोय, एवढंच लाल पाईप सांगतो. का, ते आपल्याला शोधायचं असतं. पेट्रोल कमी पडत असेल, कुठून तरी चोरटी हवा शिरत असेल किंवा ठिणगी उशिरा पडत असेल. या तिघांना वेगळं न करता केलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ खर्च.

निळ्या पाईपला घाबरणं

पोलादाचा पृष्ठभाग साधारण सव्वादोनशे अंशांना पिवळसर पडतो आणि तीनशेच्या आसपास निळा. चालत्या गाडीच्या बेंड पाईपला तोंडाशी एवढं तापमान सहज येतं. कंपनीच्या बऱ्याच पाईपांना आत एक आणि बाहेर एक अशा दोन भिंती असतात, त्यामुळे आतली निळाई दिसत नाही. नाशिकच्या द्वारका चौकातून आणलेला बेंड एकेरी पत्र्याचा असतो, तो पहिल्या वीतभर भागात निळा पडणारच. निळाई वळण ओलांडून सायलेन्सरपर्यंत उतरली किंवा क्रोमचे पोपडे निघायला लागले, तर मात्र गाडी घेऊन या.

लाल होणं वेगळं. लोखंड अंधारात पाचशे अंशांच्या पुढे कुठेतरी मंद लाल दिसू लागतं, दिवसा तेवढंच तापलं तरी काही दिसत नाही. म्हणून "काल नव्हता, आज लाल झाला" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, काल दिवसा पाहिलं होतं की रात्री?

आणि कृपा करून सोसायटीच्या पार्किंगमध्ये डबल स्टँडवर गाडी लावून, रेस धरून पाईपकडे टक लावून बसू नका. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला समोरून वारा लागतो. तो न देता पंधरा मिनिटं रेस धरली तर चांगली गाडीही लाल होईल, आणि मग नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतील.

ठिणगीकडे न बघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिडकोतला एक मुलगा जुनी पॉइंटवाली (यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणारी) बुलेट घेऊन आला. मागचं मडगार्ड कापलेलं, आखूड पाईप, गोल फिल्टर, सगळं साग्रसंगीत. तक्रार अशी की कसाऱ्याच्या घाटात गाडी ओढत नाही आणि इगतपुरीला थांबलं की पाईप निखाऱ्यासारखा दिसतो. एका ठिकाणी मेन जेट वाढवून घेतला होता. फरक पडला नाही म्हणून दुसरीकडे अजून वाढवला होता. प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट.

खरं तर इथेच उत्तर होतं. प्लग काळा म्हणजे पेट्रोल भरपूर. मग पाईप लाल कशाने? प्लग काळा आणि पाईप लाल अशी जोडी दिसली की जेट विसरायचा आणि टायमिंग बघायचं. ठिणगी उशिरा पडली की पिस्टन खाली निघून जातो तरी मिश्रण जळतच असतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि तो जाळ सरळ बेंडमध्ये येतो. पिस्टनला ढकलायची ताकद पाईप तापवण्यात जाते, म्हणून पिकअपही मरतो.

मी विचारलं, "किक उलटी मारते का?" तो खुशीत म्हणाला, "आधी मारायची काका, पाय सुजला होता. एका मिस्त्रीने बसवून दिली, आता एकदम हलकी बसते."

पॉइंटचं झाकण उघडलं. बोटांनी कॅम थोडा पिळून सोडला की तो स्प्रिंगच्या जोराने झटकन मागे यायला हवा. इथे तो पिळलाच जाईना. प्लेट काढली तर खाली अ‍ॅडव्हान्स युनिटची, म्हणजे रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची, दोन्ही वजनं गंजून, वाळलेल्या ग्रीसमध्ये अर्धवट उघडलेल्या स्थितीत चिकटलेली. गाडी प्रेशर वॉशरने धुवायची सवय, पाणी तिथे बसलेलं.

मग सगळी साखळी लागली. वजनं उघडी अडकल्यामुळे किक मारतानाच ठिणगी लवकर पडत होती, म्हणून किक उलटी यायची. ती वजनं मोकळी करायच्या ऐवजी पॉइंटची प्लेट मागे फिरवून ठिणगी उशिरा केली गेली. किक हलकी झाली, गिऱ्हाईक खूश. पण रेस वाढल्यावर टायमिंग जे पुढे सरकायला हवं ते सरकेना, कारण वजनं जागची हलतच नव्हती. रस्त्यावर सदैव उशिरा ठिणगी. त्यावर उपाय म्हणून मोठा जेट, आणि तोही पुरला नाही म्हणून आणखी मोठा.

वजनं रॉकेलमध्ये भिजवून मोकळी केली, स्प्रिंग नव्या टाकल्या, खिळींवर तेलाचा एकेक थेंब, पॉइंटचा गॅप फिलर गेजने लावला आणि टायमिंग पुन्हा बसवलं. मेन जेट मुळापेक्षा एकच नंबर मोठा ठेवला, कारण फिल्टर खरोखरच उघडा होता. वणीच्या घाटात चालवून आल्यावर त्याचा फोन आला, तो मात्र पुढचा स्प्रॉकेट बदलायचा का हे विचारायला.

पॉइंट नसलेल्या, सीडीआयवाल्या (इलेक्ट्रॉनिक डब्याने ठिणगी पाडणाऱ्या) गाडीतही हे होतं. तिथे दुसऱ्याच मॉडेलचा सीडीआय "लागतो की" म्हणून बसवलेला असतो. मॅग्नेटवर खूण आहे, टायमिंग लाइट लावा. रेस दिल्यावर खूण सरकली पाहिजे.

चोरटी हवा

प्लग पांढराफटक असेल, थ्रॉटल सोडल्यावर रेस लटकत असेल आणि स्लो (थ्रॉटल न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग) कधी चढा कधी उतरता असेल, तर कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या रबरी जोडाकडे बघा. मॉडिफाय करताना कार्ब्युरेटर वाकवून काढलेला असतो, तेव्हा रबराला खालून चीर जाते. ती वरून दिसत नाही, आरसा लागतो. क्लिप शेवटपर्यंत आवळली म्हणजे हवा बंद, असं नाही.

यूट्यूबवर बघून या जोडावर कार्ब क्लीनर फवारणारे असतात. खाली तापलेला पाईप आणि वरून ज्वालाग्राही फवारा. मी साध्या स्प्रेच्या बाटलीत पाणी घेतो. थंड गाडी चालू करायची, स्लोवर ठेवायची आणि जोडाभोवती पाण्याचा बारीक फवारा द्यायचा. पाणी आत ओढलं गेलं की स्लो अडखळतो. नवीन रबर टाकायचं. एम-सील, चिकटपट्टी, ट्यूबचा तुकडा असले प्रकार दोन दिवस टिकतात.

अ‍ॅव्हरेजसाठी स्क्रू

"जरा अ‍ॅव्हरेज वाढवून द्या" म्हटलं की कुणीतरी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवतो. पण कुठला? स्क्रू स्लाइडच्या (कार्ब्युरेटरमधल्या सरकत्या झडपेच्या) फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल-मिश्रणाचा, बाहेर काढला की जाड होतं. एका गाडीवरचा धडा दुसऱ्या गाडीवर वापरणारे भरपूर भेटतात. शिवाय हा स्क्रू स्लोवर आणि जेमतेम उघडलेल्या थ्रॉटलवरच काम करतो. हायवेवर लाल होणाऱ्या पाईपशी त्याचा संबंध नगण्य.

नाशिकची उंची

"नाशिक उंचावर, हवा पातळ, म्हणून मोठा जेट." उलटं आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर हवा थोडी विरळ असते, तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी मिळते, म्हणजे मिश्रण किंचित जाडच होतं. दुसरं कारण सांगतात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं, ते निदान खरं आहे. शुद्ध पेट्रोलला १ भागास १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५, आणि कार्ब्युरेटरला हे कळत नाही. जुन्या पेट्रोलवर बसवलेली गाडी थोडी पातळ चालते. त्याला एखादा नंबर मोठा जेट पुरतो. तेवढ्याने पाईप लाल होत नाही.

बाकीच्या, पटापट

बेंड पाईप काढला की हेडमधली पॅकिंग रिंग नवीन टाका. दबलेली रिंग पुन्हा वापरली की थ्रॉटल सोडताना तिथून हवा आत ओढली जाते आणि फटाके वाजतात. पोरांना ते आवडतं.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारा स्क्रू) आवळून "आवाज बंद" करून घेऊ नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही तर गरम वायू सीटवरून निसटतो, पाईप तापतो आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

पाईपला पट्टी गुंडाळणं म्हणजे ताप आलेल्याचा थर्मामीटर लपवणं. पाय भाजू नये म्हणून गुंडाळायची तर आजार बरा झाल्यावर गुंडाळा. इगतपुरीकडच्या पावसात ती ओली राहते आणि साधा पत्रा आतून गंजतो, हेही लक्षात ठेवा.

बीएस ६ गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती ठेवू नका. बाहेरची हवा सेन्सरला दिसते, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी ओततो आणि ते जाऊन कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जळतं. सेन्सर काढून भोकात बोल्ट ठोकणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

दोन गोष्टी एकदम बदलू नका. जेट, फिल्टर आणि प्लग एकाच दुपारी बदलून आलेल्या गाडीचं कुणी काही सांगू शकत नाही.

प्लग वाचायचा तर गाडी स्लोवर ठेवून नको. गिरणारे रस्त्यासारख्या मोकळ्या जागी ठरावीक थ्रॉटलवर चालवा, क्लच दाबून तिथेच किल स्विच मारा, बाजूला घ्या आणि मग काढा. हातमोजे घालून.

गाडी दाखवायला आणाल तेव्हा काढलेले जुने जेट, फिल्टरचा डबा आणि मूळ सायलेन्सर बरोबर आणा. माझी पहिली पायरी तेच परत बसवून बघणं असते. ते भंगारात विकलेलं असेल तर आधी शोधून आणा, मग बोलू.