पियाजे पाठ करण्याआधी सरबत करा

एस.वाय.ला असताना मानसशास्त्रज्ञ पियाजेनं सांगितलेल्या, मुलांच्या विचारांच्या वाढीच्या चार अवस्था मी इतक्या घोकल्या होत्या की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवल्या असत्या. संवेदनकारक जन्म ते २ वर्षं, पूर्वक्रियात्मक २ ते ७, मूर्त क्रियात्मक ७ ते ११, पुढे औपचारिक. पेपरात मात्र एका प्रयोगातलं मुलाचं चुकलेलं उत्तर देऊन आलं, 'पाच वर्षांचं मूल असं उत्तर का देतं?' मी पुन्हा तक्ताच लिहून आले. मार्क यायचे तेवढेच आले.

आता ज्युनिअर मुली नोट्स मागायला आल्या की मी आधी विचारते, घरात चार-पाच वर्षांचं कुणी आहे का?

असेल तर काचेचे दोन सारखे ग्लास आणि एक उंच, अरुंद ग्लास घ्या. स्टीलचे नकोत, आतलं दिसायला हवं. सारख्या ग्लासांत कोकम सरबत ओता आणि दोन्हींत सारखंच आहे हे मुलाकडून कबूल करून घ्या. माझ्या भाच्यानं वाकून, ग्लासाला नाक लावून पाहिलं आणि एकात अजून चमचाभर घालायला लावलं. मग त्याच्यादेखत एकातलं उंच ग्लासात ओतलं.

"आता?"

"यात जास्त."

इथे थांबलात तर हाती काहीच नाही. "कशावरून?" हा खरा प्रश्न.

"बघ ना मावशी, वर आलंय!"

हे जसंच्या तसं वहीत उतरवा, शुद्ध करू नका. उंची दिसली की रुंदी सुटते, आणि ओतलेलं मनातल्या मनात परत ओतून बघता येत नाही. पेपरातलं उत्तर ते हेच. पियाजे स्वतः पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्या घेताना चुकलेल्या उत्तरांतच गुंतला होता. पुढे त्यानं स्वतःच्या तिन्ही मुलांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या.

आता पियाजेच्या या पद्धतीवरची टीका. ती पुस्तकात शेवटी असते म्हणून सगळे गाळतात, मीही गाळली होती. मोठ्या माणसानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार. रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी १९७४ मध्ये सरबताऐवजी वस्तूंच्या दोन सारख्या ओळी वापरून, एका ओळीची मांडणी बदलल्यानंतर एकदाच विचारलं, तर सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तर ओळ विस्कटायचं काम एका खोडकर टेडीवर सोपवलं. ८० मुलांपैकी नेहमीच्या पद्धतीत जेमतेम १६ टक्के बरोबर होती, टेडीनं ओळ मोडली तेव्हा ६३ टक्के. घरी रुपयाची नाणी आणि एखादं बाहुलं चालेल. फक्त त्याच मुलावर लगेच करू नका, त्याला खेळ कळलेला असतो. शेजारचं मूल घ्या, आईला विचारून. कंटाळलं की सोडून द्या.

दुसऱ्याच्या मनात काय आहे हे मुलाला कधी कळू लागतं, त्यासाठी डब्याचा प्रयोग. बिस्किटांच्या डब्यात भलतंच काही ठेवायचं, आत काय असेल विचारायचं, उघडून दाखवायचं, मग डबा बंद करून विचारायचं, "आजोबांनी डबा उघडलाच नाही, तर त्यांना आत काय वाटेल?" साधारण चारच्या आतलं मूल आत खरोखर जे आहे तेच सांगतं.

मी आमचा निळा डबा घेतला आणि फसले. भाचा उघडायच्या आधीच म्हणाला, "सुई-दोरा." तुम्ही टूथपेस्टच्या खोक्यात खडू घाला.