सोयाबीन पिवळं पडलं की युरिया? नत्राच्या बाबतीत या चुका टाळा

एक एकर वावरावर जी हवा उभी आहे, तिच्यात सुमारे 31 हजार टन नायट्रोजन, म्हणजेच नत्र आहे. हवेचा 78 टक्के भाग तोच. तरी नागपूर जिल्ह्यात काटोल, कळमेश्वर, उमरेडकडे पावसाळ्यात सोयाबीन पिवळं पडतं आणि लगेच युरियाची गोणी फोडली जाते.

हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. पिकाला, गुराला, माणसाला तो थेट वापरता येत नाही. आपण तो श्वासातून आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. अंगातल्या प्रथिनांना लागणारं नत्र येतं वरण-भाकरीतून. वीज कडाडते तेव्हा थोडा बंध तुटतो. निसर्गातलं बाकीचं बहुतेक काम जिवाणूंचं, आणि आपल्या चुका नेमक्या त्यांच्याच मुळावर येतात.

म्हणून पिवळं सोयाबीन दिसलं की आधी मूळ बघा. पेरणीला महिना-सव्वा महिना झाला असेल तर खुरप्याने मातीसकट झाड काढा. उपटू नका, हे जिवाणू ज्यात राहतात त्या मुळांवरच्या गाठी तुटून जमिनीतच राहतात. बादलीत हलक्या हाताने मूळ धुवा आणि एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ हवेतलं नत्र बांधते आहे. पांढरी असेल तर अजून कामाला लागलेली नाही, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. भरपूर गुलाबी गाठी असलेल्या पिकाला वरून युरिया दिला की झाड त्या आयत्या नत्रावर विसंबतं आणि गाठींचं काम मंदावतं. पैसे घालून आपणच ते बंद पाडतो.

गाठीच नसतील तर पेरणीआधी बियाण्याला लावायच्या जिवाणू संवर्धकाचं काय झालं ते आठवून बघा. पाकीट टिनाच्या शेडखाली उन्हात पडलं होतं का? मुदत उलटली होती का? बुरशीनाशकात एकत्र कालवलं होतं का? आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी संवर्धक, बियाणं सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं, हा क्रम मोडू नका. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. दोघांचे जिवाणू वेगळे.

आणि पाणी. आपल्या काळ्या जमिनीत झड लागली की पाणी साचतं, मुळांना आणि गाठींना प्राणवायू मिळत नाही, शिवाय मातीतलं नायट्रेट वायू होऊन परत हवेत जातं. अशा वेळी युरियाच्या आधी चर काढा.

संत्र्याच्या बागेत वेगळीच गफलत होते. नत्र कमी असेल तर आधी जुनी पानं पिवळी पडतात. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर चुनखडीच्या जमिनीत बहुधा लोह किंवा जस्ताची कमतरता असते. तिथे युरियाने काही साधत नाही. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे, शंका असेल तर पानं घेऊन तिथे विचारा.

युरिया खरंच लागत असेल तर तो नुसता फेकून मोकळे होऊ नका. 45 किलोच्या गोणीत 20 किलोच्या वर नत्र असतं, आणि विम्ल (अल्कधर्मी) जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. डवरणीने, म्हणजे ओळींमधल्या कोळपणीने, मातीआड करा.

कुटार (मळणीनंतरचा भुसा), पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) जाळली तर त्यातलं नत्र धुरासोबत गेलं. पण कच्चं कुटार पेरणीच्या तोंडावर मातीत मिसळणंही चूक, कारण ते कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचं नत्र स्वतः वापरतात. शेणासोबत कुजवूनच टाका.

जास्तीचं नत्र नायट्रेट होऊन विहिरीतही उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट वाफ गेल्यावर प्रमाण वाढतं. जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाला घातक, म्हणून घरात तान्हं बाळ असेल आणि पाणी वावरातल्या विहिरीचं असेल, तर ते आधी तपासून घ्या.