एक डोळा मिटून की दोन्ही उघडे ठेवून? नेम धरताना या चुका टाळा

आंगणेवाडीची जत्रा असो की कुणकेश्वरची, फुगे फोडायच्या बंदुकीला गाल लावला की मागून कुणीतरी सांगतंच, "डावा डोळा मीट!" पुढे एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू-टू रायफलमागे पालथं पडल्यावरही तेच ऐकू येतं. ही सवय घेऊनच मूल शालेय स्पर्धेच्या १० मीटर एअर रायफलकडे किंवा पिस्तुलाकडे येतं. तोंड वाकडं, गाल आक्रसलेला. पहिले दहा-पंधरा शॉट बरे पडतात, मग ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, पसरायला लागतो. तेव्हा दुसरा कुणी सांगतो, "अरे, दोन्ही डोळे उघडे ठेव," आणि त्या मुलाला समोर दोन टार्गेटं दिसायला लागतात.

दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. स्थिर टार्गेटवर नेम धरणाऱ्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे: डोळे दोन्ही उघडे असावेत, पण ज्या डोळ्याने नेम धरायचा नाही त्याच्यापुढे उजेड येऊ देणारा पांढरा आडोसा असावा. त्याला ब्लाइंडर म्हणतात. मुलं इथे पोचेपर्यंत ज्या चुका होतात त्या बहुतेक त्याच त्याच असतात.

मास्टर आय न तपासता खांदा ठरवणं

दिशा ठरवताना मेंदू एका डोळ्याचं जास्त ऐकतो. तो मास्टर आय. साधारण तीनांतल्या दोघांचा तो उजवा असतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा मास्टर आय डावा असणं मुळीच दुर्मीळ नाही. चष्म्याचा नंबर कमी असलेला डोळाच मास्टर असतो असंही नाही. नजर किती तीक्ष्ण आहे ही वेगळी गोष्ट.

तपासणी हातात बंदूक न घेता करायची. दोन्ही हात समोर ताठ करा, अंगठे आणि तर्जन्या जुळवून मधे लहानसं त्रिकोणी भोक ठेवा. पाच-सहा मीटरवरची एखादी बारीक वस्तू, भिंतीवरचं बटण किंवा दाराची कडी, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून पाहा. वस्तू नजरेआड न करता हात सावकाश चेहऱ्याकडे आणा. भोक ज्या डोळ्यापाशी येतं तो मास्टर आय. नेहमी चष्मा लागत असेल तर चष्मा लावूनच करा आणि निदान पाच वेळा करा. एका बोटाने वस्तू दाखवायची चाचणी शक्यतो टाळावी, कारण उजवं बोट पुढे केलं की निकाल उजव्या डोळ्याकडे झुकतो. पाचांपैकी तीनदा डावा आणि दोनदा उजवा आला तर त्या माणसाचा कुठलाच डोळा ठाम मास्टर नाही. अशांना ब्लाइंडरचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

हात उजवा आणि मास्टर आय डावा निघाला तर काय करायचं? मूल अगदी नवीन असेल तर रायफल डाव्या खांद्यावर देऊन पाहावी. आठवडाभर अवघड जातं, मग बसतं. दोन-तीन वर्षं उजव्या खांद्यावर घालवलेल्याला हे करायला लावू नये; त्याच्या डाव्या डोळ्यापुढे ब्लाइंडर लावला की काम भागतं. पिस्तुलात तर प्रश्न आणखी सोपा आहे. पिस्तूल उजव्याच हातात ठेवायचं, मान थोडी आणखी उजवीकडे वळवायची आणि डाव्या डोळ्याने नेम धरायचा.

डोळा घट्ट मिटणं

एक डोळा मिटताना आवळला जाणारा स्नायू गालापर्यंत ओढ देतो. रायफलच्या स्टॉकवर (दस्त्यावर) टेकलेला गाल त्यामुळे किंचित वर सरकतो आणि पीप साइटमागची (मागच्या बाजूच्या बारीक भोकाच्या साइटमागची) डोळ्याची जागा प्रत्येक शॉटला बदलते. शिवाय नेम धरणारा डोळाही पुरता उघडा राहत नाही. पापणी थरथरते, पापण्यांचे केस आड येतात.

दुसरं कारण बाहुलीचं. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकत्रच लहान-मोठ्या होतात. एक डोळा अंधारात गेला की उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी मोठी होते. मोठ्या बाहुलीतून जवळचं आणि लांबचं एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसणं कमी होतं. फ्रंट साइटवर (नळीच्या पुढच्या टोकाच्या साइटवर) नजर ठेवून टार्गेटवरचा काळा गोल जेवढा ओळखू यायला हवा, तेवढा येत नाही. ६० शॉटच्या मॅचला इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं मिळतात. तेवढा वेळ चेहरा आवळून धरणं कुणालाही झेपत नाही, म्हणूनच दहा शॉटची पहिली सिरीज चांगली आणि पाचवी वाईट असा आकडा दिसतो.

मिटायचाच असेल तर पापणी नुसती सैल सोडून मिटता यायला हवी. ज्याला ते सहज जमतं त्याने त्यावर काही दिवस काढायला हरकत नाही.

काळी पट्टी बांधणं

घरी चटकन सुचतो तो उपाय हाच, आणि तो चुकीचा. काळ्या पट्टीने चेहरा आवळायचा थांबतो, पण डोळा अंधारातच राहतो आणि बाहुलीचं वर सांगितलेलं सगळं तसंच घडतं. आडोसा पांढरा, मंद आणि चकाकी नसलेला हवा. जुन्या पांढऱ्या प्लास्टिक फाइलचं कव्हर किंवा आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण उत्तम चालतं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार डोळ्यापुढच्या ब्लाइंडरची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तो टोपीला, हेडबँडला किंवा नेमबाजीच्या चष्म्याला लावता येतो. रायफलच्या मागच्या साइटवर लावायचा असेल तर १०० मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर उंच ही मर्यादा.

साध्या चष्म्यावर काम भागवायचं तर न चमकणारी, दुधी दिसणारी चिकटपट्टी घ्या. साधारण दोन सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. तो आरशात बघून लावू नका. रिकामी रायफल किंवा पिस्तूल घेऊन, नळी टार्गेटकडे ठेवून, पूर्ण पवित्र्यात उभे राहा आणि जोडीदाराला बाजूने येऊन बरोबर बाहुलीसमोर तुकडा चिकटवायला सांगा. पवित्र्यात मान वळलेली असल्यामुळे ती जागा भिंगाच्या मध्यावर नसते, बाजूला सरकलेली असते.

ब्लाइंडर लावल्यावर त्या बाजूचं काहीच दिसत नाही, हे विसरू नये. शेजारच्या लेनवर कोण आहे, कुणी पुढे तर गेलेलं नाही ना, हे मान वळवून पाहिल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.

एका दिवसात दोन्ही डोळे उघडून टाकणं

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूल मिश्र गटात रौप्य घेणाऱ्या तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा फोटो सगळ्यांनी पाहिला. ब्लाइंडर नाही, दोन्ही डोळे उघडे, एक हात खिशात. तेव्हापासून मुलं सगळं सामान बाजूला ठेवायला बघतात. तो पाचवं ऑलिंपिक खेळत होता, हे त्या फोटोत दिसत नाही. (खिशातल्या हाताचं म्हणाल तर ती पिस्तूलवाल्यांची जुनी आणि योग्य सवय आहे. मोकळा हात लोंबकळत राहिला की खांदा हलतो.)

दोन्ही डोळे उघडे ठेवून फ्रंट साइटवर नजर लावली की टार्गेट दुहेरी दिसतं. टार्गेटवर लावली की साइट दुहेरी दिसते. हा डोळ्यांचा दोष नव्हे, दोन डोळ्यांमधल्या सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतराचा तो परिणाम आहे. सरावाने मेंदू नको ती प्रतिमा दाबायला शिकतो, पण सगळ्यांचा नाही.

बदल करायचा तर टप्प्याने करा. पहिला आठवडा पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर, टार्गेट न लावता, रोज दहा मिनिटं फक्त साइट जुळवून धरायच्या. दुसऱ्या आठवड्यात ड्राय फायर, म्हणजे पेलेट (छर्रा) न भरता ट्रिगर दाबणं, रोज वीस-तीस वेळा. इथे एक सावधगिरी: नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअरगनमध्ये पेलेट नसताना ट्रिगर दाबू नका. पुढे हवेचा अडसर नसल्याने पिस्टन जोरात आपटतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. ड्राय फायरची सोय असलेल्या पीसीपी (आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) बंदुकीवरच हा सराव करा. तिसऱ्या आठवड्यात दहा-दहा शॉटचे ग्रुप घ्या: एक डोळा मिटून, एक ब्लाइंडर लावून, एक दोन्ही उघडे. क्रम रोज बदला, नाहीतर दमल्यावरचा ग्रुप नेहमी एकाच पद्धतीच्या वाट्याला येतो. गुण मोजू नका. सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. स्पर्धा महिन्याभरावर आली असेल तर हे काहीच सुरू करू नका.

डोळा नीट, पण नजर टार्गेटवर

एक डोळा की दोन, या वादात ही सगळ्यात महाग चूक झाकली जाते. नजर फ्रंट साइटवर हवी. टार्गेट धूसर दिसायलाच हवं.

पिस्तुलाचं गणित करून पाहा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३५० मिलिमीटर धरू. मागच्या खाचेत फ्रंट साइट १ मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर पेलेट सुमारे २८.५ मिलिमीटर बाजूला लागतं. १० चं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. म्हणजे दहाचे थेट सात. उलट साइट नीट जुळलेल्या ठेवून संपूर्ण हात १ मिलिमीटर सरकला तर पेलेटही १ मिलिमीटरच सरकतं. हात हलणारच. त्याला घाबरून टार्गेटकडे बघत बसलं की साइट सुटतात. पिस्तुलात नेम काळ्याच्या मध्यावर न धरता खालच्या पांढऱ्यात धरायचा तोही यासाठीच: काळ्यावर काळी साइट दिसत नाही.

रायफलच्या पीप साइटला जुळवणी सोपी, पण तिथे फ्रंट साइटमधली रिंग फार लहान घ्यायची हौस नडते. टार्गेटचा ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल, डोळ्यापासून मीटरभरावरच्या रिंगेत सुमारे ३ मिलिमीटरचा दिसतो. रिंग ४ मिलिमीटरच्या आसपास असेल तर भोवती पांढरं मोकळं राहतं आणि गोल मध्यावर आहे की नाही ते चटकन कळतं.

आणि टक लावू नका. नेम बसल्यापासून पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. त्यापुढे डोळा आधी पाहिलेलंच चित्र दाखवत राहतो. साइट हललेली असते आणि आपल्याला ती जुळलेली दिसते. शॉट सुटला नाही तर खाली घ्या, दोन श्वास घ्या, पुन्हा उचला.

कोकणातल्या हवेचे त्रास

जून ते सप्टेंबर चष्म्यावर वाफ धरते, विशेषतः टोपी, ब्लाइंडर आणि चष्मा एकत्र असताना. भांड्याच्या साबणाचा एक थेंब भिंगावर चोळून कोरड्या सुती कपड्याने पुसून टाकला की तासभर तरी निभावतं. ब्लाइंडर भिंगाला चिकटून न ठेवता बोटभर पुढे ठेवावा, हवा खेळते.

घामाने चष्मा नाकावरून घसरला की नजर भिंगाच्या कडेतून जाते आणि टार्गेट सरकल्यासारखं दिसतं. मागे दोरी बांधा. चाळिशीनंतर फ्रंट साइटच धूसर दिसायला लागते, तेव्हा वाचायचा चष्मा उपयोगाचा नाही. लांबच्या नंबरात रायफलसाठी साधारण अधिक ०.५० आणि पिस्तुलासाठी ०.७५ मिळवून एकाच नंबरचं भिंग करून घ्यावं. डोळ्याच्या डॉक्टरांना फ्रंट साइटचं अंतर मोजूनच सांगा.

पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेकडून उजेड येत असेल तर दुपारी तीननंतर ओपन (खाचेच्या) साइटची कड एका बाजूने चमकते आणि ग्रुप आडवा सरकतो. कापराची काजळी धरून साइट काळी करा, नाहीतर उजेडाची बाजू पडद्याने बंद करा. साइटचे नॉब हलवून हा दोष काढू नका. सकाळच्या सत्रात तो उलटा होऊन परत येतो. पावसाळी मळभात पीप साइटचं भोक एक पायरी मोठं करावं, आणि खाऱ्या वाऱ्याने आयरिसची (ते भोक लहान-मोठं करणारी) चकती अडकू नये म्हणून प्रत्येक सरावानंतर कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुडीसोबत पेटीत ठेवावी.

शॉटगनचा हिशेब वेगळा

उडत्या क्ले टार्गेटला (हवेत फेकलेल्या तबकडीला) अंतर आणि वेग कळायला दोन्ही डोळे लागतातच. तिथे मागची साइट नसते, डोळाच मागची साइट असतो. त्यामुळे उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा मास्टर आय डावा असेल आणि तो झाकलेला नसेल, तर ३० मीटरवर शॉट दीड मीटरहून जास्त डावीकडे जाऊ शकतो. अशा नेमबाजाने चष्म्याच्या डाव्या भिंगावर, बीडच्या (नळीच्या टोकावरच्या मण्याच्या) रेषेत येईल असा नाण्याएवढा दुधी ठिपका लावावा. बाकीचं भिंग मोकळं राहिलं की उडतं टार्गेट दोन्ही डोळ्यांना सापडतं.

ग्रुप काय सांगतो

ग्रुप घट्ट पण एका बाजूला पडत असेल तर साइटचं सेटिंग किंवा उजेड बघा. ग्रुप आडवा पसरत असेल आणि काही शॉट एकदम वेगळ्याच जागी जात असतील तर मधूनच दुसरा डोळा नेम धरतोय. ब्लाइंडर लावून वीस शॉट मारा, फरक लगेच दिसेल. उभा पसरत असेल तर गालाची जागा आणि श्वास तपासा. सुरुवात चांगली आणि शेवट वाईट असेल तर डोळा आवळला जातोय. दर दहा शॉटनंतर अर्धा मिनिट लांबच्या हिरव्या झाडाकडे बघा.

स्पर्धेच्या दिवशी ब्लाइंडर पट्टीने मोजून न्या आणि पिशवीत दुसरा ठेवा. ३० च्या ऐवजी ३२ मिलिमीटरचा निघाला तर सामान तपासणीत तो बाजूला ठेवायला सांगतात, आणि मग त्या दिवशी सराव नसलेल्या पद्धतीने ६० शॉट मारावे लागतात.