क्रूझरसाठी एअर फिल्टर निवडताना: माझा अनुभव

माझ्या ३५० सीसी क्रूझर मोटरसायकलचा मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टर ज्यात बसतो तो बंद डबा) काढून मी उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला, तेव्हा आवाज भरदार झाला. मात्र थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमधून फटफट होऊ लागली आणि ताम्हिणी घाटाच्या चढावर गाडी ओढ घेईना.

कारण समजायला मला वेळ लागला. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ईसीयू (इंधन किती सोडायचे ते ठरवणारा गाडीतला छोटा संगणक) हे प्रमाण सावरून घेतो, परंतु पूर्ण थ्रॉटलला तो ठरलेल्या तक्त्यानुसार इंधन सोडतो, आणि तो तक्ता मूळ एअरबॉक्स गृहीत धरून आखलेला असल्यामुळे हवा वाढली की मिश्रण विरळ होऊन इंजिन अधिक तापू लागते. शिवाय उघडा फिल्टर सिलिंडरलगतची गरम हवा ओढतो आणि पावसात त्यावर थेट पाणी उडते.

मी एअरबॉक्स परत बसवला, त्यात त्याच मापाचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा सुती फिल्टर घातला आणि पूर्वी मोकळी सोडलेली क्रँककेसची ब्रीदर नळी (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ एअरबॉक्समध्ये नेणारी) जागेवर जोडली. अशा फिल्टरला धूळ पकडण्यासाठीचे तेल मोजकेच लावावे. रबरी कड सर्वत्र घट्ट बसली आहे ना, हे मी टॉर्च लावून तपासले, कारण तिथल्या फटीतून शिरलेली धूळ थेट सिलिंडर घासते.

फटफट थांबली आणि चढावरची ओढ परत आली. आवाज पुन्हा मवाळ झाला, याची मला खंत वाटत नाही.